क्यूटीमधला (क्वारंटाइन टाकीतला) कॉपरबँड मासा पाच दिवस तोंड उघडेना, काय करू?

टिळकवाडीचा_टँकवाला · सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. समुद्री टाकी ठेवून दोन वर्षं झाली, तरी या खेळात मी अजून शिकाऊच आहे. माझ्या २५० लिटरच्या टाकीत एप्टेशिया या उपद्रवी समुद्रफुलांचा सुळसुळाट झालाय. दगडाच्या भेगाभेगांतून ती काचेसारखी फुलं डोकी वर काढतात. सिरिंजने औषध टोचून बघितलं, तर एक मेलं की शेजारी चार उगवतात. शेवटी कॉपरबँड बटरफ्लाय आणायचं ठरवलं, कारण तो हे खातो म्हणतात.

मासा बेंगळूरहून रात्रीच्या बसने आला. पहाटे सहाला स्टँडवर जाऊन पिशवी घेतली. मागच्या खेपेला नवा मासा थेट मोठ्या टाकीत सोडला होता आणि व्हाइट स्पॉट रोगाने सगळी टाकी धुऊन नेली. म्हणून या वेळी शहाणपणाने ६० लिटरची क्यूटी लावली. तळ मोकळा, स्पंज फिल्टर, हीटर २६ वर, क्षारता १.०२५, लपायला पीव्हीसीचे दोन एल्बो. दुसऱ्या दिवसापासून कॉपरही (परजीवी मारणारं तांब्याचं औषध) चालू केलंय.

आता पाच दिवस झाले. फ्रोझन मायसिस (बारीक कोळंबीसारखे जीव), फ्रोझन ब्राइन श्रिंप, गोळ्या, लसणाच्या रसात भिजवलेल्या गोळ्या, सगळं देऊन झालं. जवळ येतो, ते लांब तोंड घासाच्या पुढ्यात आणतो, एका डोळ्याने निरखतो आणि वळून जातो. रुसलेल्या जावयाच्या पुढ्यात मांडे वाढावेत तशी गत. कुणाचा अनुभव आहे का?

गोकाकचा_करदंट · सोमवार, रात्री ९:५२

आज सोमवार, त्यात श्रावण. उपास असेल त्याचा. रात्री साबुदाणा देऊन बघ.

निपाणीकर_मामा · सोमवार, रात्री १०:०५

बेंगळूरहून आलाय म्हणतोस. मराठीत 'जेव' म्हटलेलं त्याला कसं कळणार? काचेजवळ जाऊन कानडीत 'ऊटा आयता?' (जेवण झालं का?) विचार.

गोकाकचा_करदंट · सोमवार, रात्री १०:०७

मामा, सीमाप्रश्न टाकीत आणू नका. ६० लिटरचीच आहे.

कारवारची_आक्का · सोमवार, रात्री १०:३१

थट्टा पुरे, पोराचा जीव टांगणीला लागलाय. टँकवाले, चार गोष्टी सांग. टाकी घरात कुठे ठेवलीयस? बस आल्यावर मासा पाण्यात कसा सोडलास? अमोनिया मोजलास का? आणि मासा डोक्यामागे, पाठीच्या वरच्या बाजूला, चिमटल्यासारखा दिसतो का भरलेला?

टिळकवाडीचा_टँकवाला · सोमवार, रात्री १०:४८

आक्का, टाकी हॉलमध्ये टीव्हीशेजारी आहे, प्लग तिथेच होता. सोडताना घाई केली नाही, तीन तास थेंब थेंब पाणी घालून सवय केली. पाठ अजून भरलेली आहे, पोट जरा आत गेलंय. अमोनिया आत्ता मोजला. रंग ०.५ च्या जवळचा आलाय. हे वाईट आहे ना?

कारवारची_आक्का · सोमवार, रात्री ११:२०

वाईट आहे. आता शांतपणे ऐक.

तीन तासांचा थेंब-थेंब कार्यक्रम दुकानातून तासाभरात घरी आणलेल्या माशाला चालतो, रात्रभर पिशवीत आलेल्याला नाही. पिशवीत मासा श्वास सोडत राहतो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्याचा पीएच उतरतो. त्या उतरलेल्या पीएचमध्ये साठलेला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी फोडून हवा लागली की पीएच चढायला लागतो, आणि तोच अमोनिया विषारी होतो. तू त्याला त्या पाण्यात तीन तास ठेवलंस. पुढच्या वेळी पिशवीतल्या पाण्याची क्षारता आधी मोज. विकणारे बऱ्याचदा ती १.०१८-१.०२० अशी कमी ठेवतात. क्यूटी तेवढ्यालाच लाव, पंधरा-वीस मिनिटं पिशवी तरंगत ठेवून तापमान जुळव, मासा काढून लगेच सोड, पिशवीचं पाणी ओतून दे. क्षारता मग चार-पाच दिवसांत सावकाश चढव.

झालं ते झालं. आता अर्धं पाणी बदल, त्याच तापमानाचं आणि क्षारतेचं. तुझा स्पंज कोरा असणार, त्यात अमोनिया पचवणारे जिवाणू नाहीत. मोठ्या टाकीच्या फिल्टरमधला जुना स्पंज काढून इथे लाव. आणि अमोनिया बांधून ठेवणारं बाटलीतलं औषध ओतू नकोस, तुझ्या पाण्यात कॉपर आहे. त्यातली काही औषधं कॉपरला भेटली की कॉपर जास्त जहाल होतं.

टीव्ही रोज रात्री अकरापर्यंत चालत असेल ना? हा मासा आयुष्यभर खडकांच्या फटींत चोची मारत हिंडलेला. त्याला चारी बाजूंनी काच, वर लखलखीत दिवा आणि शेजारी भांडणाऱ्या सासवा-सुना. तीन बाजूंना कागद चिकटव, दिवा बंद कर, खोलीतला उजेड पुरतो. दोन दिवस फक्त लांबून बघ.

वडगावचा_विणकर · मंगळवार, सकाळी ७:१५

आक्कांचं सगळं पटलं. कॉपरबद्दल मात्र काही लोक आता सांगायला येतील की 'आधी खाऊ दे, मग औषध'. माझं मत उलट आहे. वेल्वेट हा परजीवी रोग आला तर दोन-तीन दिवसांत मासा जातो, तो खायची वाट बघत नाही. माझ्याकडे पावडर ब्लू टँग असाच गेला. 'खाल्लं की औषध टाकू' म्हणत बसलो, चौथ्या दिवशी सकाळी तळाला.

कारवारची_आक्का · मंगळवार, सकाळी ८:४०

विणकर, तेच सांगायला मी येणार होते :)

कॉपरने भूक मरते हे तुम्हालाही माहीत आहे. अंगावर रव्याचे दाणे चिकटल्यासारखे ठिपके असतील तर व्हाइट स्पॉट, पिठीसाखर भुरभुरल्यासारखं असेल तर वेल्वेट. श्वास धापा टाकल्यासारखा असेल, पंपाच्या धारेत तोंड खुपसून उभा राहत असेल, उजेड टाळत असेल, तर तुमचंच खरं. खाण्याचा विचार सोडून ताबडतोब कॉपर. पण अंग स्वच्छ, श्वास संथ आणि मासा नुसता खात नसेल, तर उपाशी पोटी औषधाचा मारा कशाला? टँकवाल्याच्या माशाला ठिपके आहेत का?

टिळकवाडीचा_टँकवाला · मंगळवार, सकाळी ९:०२

एकही नाही. श्वास मोजला, मिनिटाला साधारण ७०. कॉपर २.२ पीपीएम आहे, चिलेटेड (दुसऱ्या रसायनाने बांधलेलं).

शहापूर_४२० · मंगळवार, सकाळी ९:३०

नाव कॉपरबँड आणि कॉपरचंच वावडं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

वडगावचा_विणकर · मंगळवार, सकाळी १०:१०

ठीक आहे आक्का, ठिपके नाहीत, श्वासही ठीक आहे, तर कार्बन टाकून कॉपर काढ म्हणेन मी. पण नंतर पूर्ण करायचंच, हे लिहून ठेव टँकवाले. व्हाइट स्पॉटचा किडा माशाच्या अंगात असताना त्याला कॉपर लागत नाही, तळाला गाठ होऊन बसला की तेव्हाही नाही. गाठ फुटून पिल्लं पोहायला सुटतात तेव्हाच तो मरतो. म्हणून औषध सलग द्यायचं, मी ३० दिवस देतो. आणि चिलेटेडचे २ ते २.५ पीपीएम हे आकडे आयॉनिक, म्हणजे मोकळ्या कॉपरला लावायचे नाहीत. ते त्याच्या कितीतरी खाली चालतं. बाटलीवर लिहिलंय तेवढंच, आणि किटही त्याच जातीच्या कॉपरचं घ्यायचं.

खानापूरकर · मंगळवार, दुपारी १:२५

लपायला पीव्हीसीचे एल्बो काय देता हो. आमच्या खानापूरच्या कुंभाराकडून दोन बोळकी आणा, मासा खूश. मी गप्पींना देतो.

वडगावचा_विणकर · मंगळवार, दुपारी १:४०

गोड्या पाण्यात बिनऔषधाच्या टाकीत चालेल. क्यूटीत कच्ची भाजलेली माती नको. सच्छिद्र वस्तू औषध पिते आणि मग किटवर आकडा खाली खाली येत राहतो. पीव्हीसी दिसायला रद्दी, पण ते काही पीत नाही.

निपाणीकर_मामा · मंगळवार, दुपारी २:१५

एक कामाची गोष्ट सांगतो, हसू नका. मी वखारीत असतो, दिवसभर तंबाखूच्या बोदात हात. पहिल्या वर्षी घरी येऊन तसाच हात टाकीत घालायचो. दोन डॅमसेल गेले, कारण कळेना. मग आमच्या पुतण्याने सांगितलं, मामा, निकोटीन हे किडे मारायचं विष आहे, माशाला काय सोडेल होय? त्या दिवसापासून कोपरापर्यंत साबण, मग साधं पाणी तीनदा, मगच टाकी. विडी, तंबाखू मळणारे जे कोण असतील त्यांनी लक्षात ठेवा.

गोकाकचा_करदंट · मंगळवार, दुपारी २:२०

मामा, हसलो नाही. हात धुऊन आलो.

चोर्ला_रिटर्न · मंगळवार, संध्याकाळी ६:५०

मी दर पंधरा दिवसांनी गोव्याला जातो. टँकवाल्याला हवं तर खऱ्या समुद्राचं पाणी कॅनमधून आणून देतो. पुडीच्या मिठापेक्षा ताजं पाणी बरं नव्हे?

कारवारची_आक्का · मंगळवार, संध्याकाळी ७:३०

पावसाळ्यात अजिबात नको. आत्ता सगळ्या नद्या लाल होऊन समुद्रात ओतताहेत. किनाऱ्याजवळचं पाणी गढूळ आणि क्षारता उतरलेली. आमच्याकडे काळी नदीच्या मुखाशी तर या दिवसांत पाणी चाखलं तरी खारट लागत नाही. दिवाळीनंतर, मुखापासून लांब, भरतीचं पाणी घेतलं तर वेगळी गोष्ट. पण क्यूटीला आरओचं पाणी आणि पुडीचं मीठ, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. आणि रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं यंत्र) आधी तपासून घ्या, अंदाजाने नको.

नवशिका_अनगोळ · मंगळवार, रात्री ८:१५

मधेच विचारतो, क्षमस्व. समुद्री घोडा ठेवायचाय. तो क्यूटीत खातो का?

वडगावचा_विणकर · मंगळवार, रात्री ८:२२

तो खाईल की नाही हा प्रश्न पुढचा. समुद्री घोड्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, २००१ पासून. रीफ बांधणारं प्रवाळही तसंच. कुणी विकत असेल तर त्याच्यापासून चार हात लांब राहा. सुरुवात टाकीत पैदास झालेल्या क्लाऊनफिशने कर. आपल्याकडे सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने) क्लाऊनफिशची पैदास करून दाखवली आहे. टाकीतच जन्मलेलं पिल्लू पिशवीतून उतरलं की संध्याकाळी गोळी खातं. कॉपरबँडसारखे मासे जवळपास सगळे समुद्रातून पकडलेले, त्यांना गोळी म्हणजे खडा.

टिळकवाडीचा_टँकवाला · बुधवार, रात्री १०:००

अहवाल: पाणी बदललं, जुना स्पंज लावला, कार्बन टाकलं, कागद लावले. टीव्ही आईच्या खोलीत गेला, त्यावरून घरात वेगळं महाभारत. अमोनिया शून्याजवळ. मासा आता एल्बोतून बाहेर येऊन फिरतो, काचेवर टोच मारतो. खात मात्र नाही. ताजी आर्टेमियाची (म्हणजे ब्राइन श्रिंपची) पिल्लं काढली (अंडी उबवायला ३० तास लागले, या गारठ्यात बाटलीही हीटरशेजारी ठेवावी लागली). ती नारिंगी धूळ पाण्यात सोडली, त्याने एक-दोनदा तोंड वळवलं, टिपलं की नाही सांगता येत नाही.

शहापूर_४२० · बुधवार, रात्री १०:१२

आक्का म्हणाल्या दोन दिवस लांबून बघ. तू काचेला नाक लावून बसला असशील.

टिळकवाडीचा_टँकवाला · बुधवार, रात्री १०:१४

थोडं.

मार्कंडेय_काठ · बुधवार, रात्री १०:४०

पावसात गांडुळं मुबलक. आम्ही नदीवर गळाला लावतो, कुठला मासा नाही म्हणत नाही. बारीक चिरून देऊन बघ.

वडगावचा_विणकर · गुरुवार, सकाळी ७:०५

गांडूळ दिलेलं मीही ऐकलंय, पण कुठल्या मातीतलं हे बघा. उसाच्या आणि भाजीच्या शेतात काय काय फवारलेलं असतं. त्यापेक्षा साधा विचार करा. समुद्रात हा काय खातो? फटीतले किडे, नळीतले किडे, शिंपल्याचं मांस. त्याचं तोंड चिमट्यासारखं आहे, वरून पडणारा घास पकडायला बनलेलंच नाही. म्हणून घास फटीत बसवायला हवा.

कारवारची_आक्का · गुरुवार, सकाळी ८:३०

विणकरांनी नेमकं सांगितलं. तिसऱ्या आण. त्या उघडून अर्धा शिंपला, मांसासकट, तळाला टेकवून ठेव. कॉपरबँडला, एंजलला, पहिला घास याच्यावर लागल्याचं मी चार वेळा बघितलंय. आमच्याकडे खाडीत मिळतात, तुमच्याकडे कॅम्पातल्या मासळी बाजारात बघ. दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग दे, म्हणजे त्यांच्यातले बरेचसे परजीवी तरी मरतात.

आणि हो, मला एक कळत नाही. तू हा मासा एप्टेशिया खायला आणलास. मग एप्टेशिया लागलेला एक छोटा दगड त्याच्या टाकीत का नाही ठेवत? कॉपर काढून झालंय, तेवढ्यापुरतं चालेल. औषध परत सुरू करायच्या आधी दगड बाहेर, आणि तो पुन्हा मोठ्या टाकीत जायचा नाही.

टिळकवाडीचा_टँकवाला · गुरुवार, सकाळी ९:१०

दगडाचं डोक्यातच आलं नव्हतं! काखेत कळसा. आज ठेवतो.

तिसऱ्यांची अडचण आहे. श्रावणात आमच्या फ्रीजमध्ये मासळी येत नाही. आईला विचारलं तर म्हणाली, "माणसं महिनाभर थांबतात, तुझ्या माशाला काय झालं?" मी म्हटलं, अगं ते फ्रोझन मायसिस पण तिथेच आहे की. तर म्हणे, "ते पाकिटातलं आहे, ते औषध."

निपाणीकर_मामा · गुरुवार, सकाळी ९:२५

वहिनींचं बरोबर आहे. आमच्या घरी तर डबा वेगळा, कप्पा वेगळा, सुरी वेगळी, तरी श्रावणात नाहीच.

शहापूर_४२० · गुरुवार, सकाळी ९:४०

शेजारी कुणी श्रावण न पाळणारं नाही काय? फ्रीजरचा एक कोपरा भाड्याने घे. काय बावळटासारखं करूलास.

टिळकवाडीचा_टँकवाला · शुक्रवार, रात्री ९:२०

सोय झाली. खालच्या मजल्यावर एक गोवेकर कुटुंब आहे, त्यांनी फ्रीझरमध्ये जागा दिली. बदल्यात त्यांच्या नातवाला रोज मासा दाखवायचा. तिसऱ्या काल आणल्या, उद्या रात्री दोन दिवस होतील.

दगड ठेवला. सहा-सात एप्टेशिया मस्त फुललेत. मासा त्यांच्यावरून फिरतो आणि ढुंकूनही बघत नाही.

गोकाकचा_करदंट · शुक्रवार, रात्री ९:२६

ज्याला चोर पकडायला ठेवला तो चोराच्याच ओसरीवर झोपलाय.

कारवारची_आक्का · शुक्रवार, रात्री १०:०५

सगळे कॉपरबँड खात नाहीत, हे घेण्याआधी सांगायला कुणी नव्हतं तुला. काही महिन्यांनी अचानक सुरू करतात, काही कधीच नाही. आता त्याचा विचार नको, पोट भरणं पहिलं.

टिळकवाडीचा_टँकवाला · रविवार, दुपारी १२:१०

घोळ केला. काल रात्री साडेनऊला तिसरीचा शिंपला ठेवला. मोठाच ठेवला, म्हटलं भरपूर खाऊ दे. सकाळी उठायला उशीर झाला, रविवार. दहाला बघतो तर पाणी दुधाळ, हॉलभर वास, अमोनिया परत ०.५ च्या वर. आईने काही न बोलता देवघराचं दार लावून घेतलं. त्याने शिंपल्याला तोंड लावलं की नाही कळायला मार्ग नाही. ७० टक्के पाणी बदललंय. मासा कोपऱ्यात उभा आहे.

वडगावचा_विणकर · रविवार, दुपारी १२:३०

भीतीने नव्हे, मायेनेच जास्त मासे मरतात या छंदात. नखाएवढा तुकडा, शिंपल्यासकट, दोन-तीन तास. नाही खाल्लं तर काढून फेकायचं. पुन्हा संध्याकाळी. मासे भुकेने जायला बरेच दिवस लागतात, घाण पाण्याने एक रात्र पुरते.

कारवारची_आक्का · रविवार, दुपारी १:१५

असंच होतं सगळ्यांचं, माझंही झालंय. आज काही देऊ नकोस. उद्या पहाटे, दिवा न लावता, उजाडताना ठेव. आणि तू तिथून निघून जा. खरंच जा.

नवशिका_अनगोळ · रविवार, दुपारी २:००

लाईट गेली तर? आमच्याकडे काल चार तास नव्हती.

चोर्ला_रिटर्न · रविवार, दुपारी २:२०

बॅटरीवर चालणारा एअर पंप घे, स्पंज फिल्टर त्याच्यावर चालतो. हीटरची काळजी तीन-चार तास नको, टाकीला जुनं ब्लँकेट गुंडाळ. हवा बंद पडली तर मात्र स्पंजमधले जिवाणूही गुदमरतात, मासा तर गुदमरतोच.

टिळकवाडीचा_टँकवाला · बुधवार, सकाळी ७:२०

मंडळी!!

सोमवारी काही नाही. मंगळवारी काही नाही. आज पहाटे साडेपाचला तुकडा ठेवून मी खरोखर आत जाऊन झोपलो. सहाला आई फुलं काढायला उठली, तिने मला हलवून उठवलं, "तो टोचूलाय बघ त्या शिंपल्याला." दारातून बघितलं. शिंपल्याच्या कडेला तोंड घालून, मान मागे घेऊन, एक धागा ओढला आणि गिळला. मग परत. अकरा घास मोजले. आई म्हणाली तेरा.

दहा दिवसांहून जास्त वाट बघितली. हात थरथरताहेत, टायपिंग सांभाळून घ्या.

निपाणीकर_मामा · बुधवार, सकाळी ७:३१

ऊटा आयतु!

शहापूर_४२० · बुधवार, सकाळी ७:४०

आईने बघितलं म्हणून लागलं. तुझी नजरच वाईट होती.

कारवारची_आक्का · बुधवार, सकाळी ८:०५

वा, रे वा. आता दिवसातून तीनदा, थोडं थोडं. चार दिवस हेच चालू दे, घाईने गोळ्यांवर नेऊ नकोस. मात्र फक्त तिसऱ्यांवर महिनोन्‌महिने ठेवायचं नाही. कच्च्या शिंपल्यांत बी-१ जीवनसत्त्व मोडणारं एन्झाइम असतं, नुसतं तेच खाऊन मासा पुढे खंगतो. खाल्लेला रिकामा शिंपला धुऊन ठेव. चार दिवसांनी त्याच शिंपल्यात मायसिस घट्ट दाबून भर, वर तिसरीचं थोडं पाणी लाव. वास तोच, भांडं तेच, आत माल बदललेला. मग हळूहळू शिंपल्याबाहेर.

गोकाकचा_करदंट · बुधवार, सकाळी ८:२०

लहान पोरांना पोळीत भाजी लपवून देतो तसंच हे.

वडगावचा_विणकर · बुधवार, सकाळी ९:००

अभिनंदन. आता माझं जुनं तुणतुणं. नीट खायला लागला की कॉपर परत. एकदम २.२ वर नको, चार-पाच दिवसांत टप्प्याटप्प्याने चढव, खाणं कमी झालं तर त्याच पातळीवर दोन दिवस थांब. एप्टेशियाचा दगड आधी बाहेर. मधल्या काळात अंगावर रवा दिसला तर थांबायचं नाही.

टिळकवाडीचा_टँकवाला · पुढच्या आठवड्यात, गुरुवार, रात्री ९:३५

उशिरा लिहितोय. शिंपल्यातलं मायसिस तिसऱ्या दिवशी घेतलं. आता तळाला पडलेलं मायसिसही उचलतो, पाण्यात तरंगणारं नाही. कॉपर १.५ पर्यंत आलंय, खाणं टिकून आहे. पाठ भरलेली. ठिपका एकही नाही. खालच्या नातवाने नाव 'चिमटा' ठेवलंय.

मूळ प्रश्नाचं उत्तर मिळालं, पण ज्यासाठी हा आणला ते एप्टेशिया तसेच आहेत. दगड काढला तेव्हा सहाचे आठ झाले होते.

शहापूर_४२० · गुरुवार, रात्री ९:५०

आता याला तिसऱ्यांची चटक. मोठ्या टाकीत गेला तर ती फुलं कशाला खाईल?

वडगावचा_विणकर · गुरुवार, रात्री १०:१०

मोठ्या टाकीत पेपरमिंट श्रिंप सोड, चार-पाच. तेही खातात, खात्री त्यांचीही नाही. पण क्यूटीत त्यांना ठेवू नकोस, कॉपरने कोळंबी जगत नाही.

कारवारची_आक्का · गुरुवार, रात्री १०:२५

किती तिसऱ्या उरल्या?

टिळकवाडीचा_टँकवाला · गुरुवार, रात्री १०:३०

पंधराएक. खालच्यांच्या फ्रीझरमध्ये आहेत. शनिवारी श्रावण संपतोय. आईने आत्ताच विचारलं, पुन्हा बाजारात कधी जाणार, आणि म्हणाली, जाशील तेव्हा अर्धा किलो जास्त आण, सुकं करू.